रिकामा रस्ता
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बांधकाम खात्यातले उपयंत्री, भाषणाची सवय नाही. पण मंडळाने रस्त्यांवर बोलायला सांगितलं आणि कोरोनाचा काळ आठवला.

25 मार्च 2020 पासून देश बंद झाला. आपला आग्रा-मुंबई रस्ता ओस पडला. जो तो म्हणे, "चला, अपघात तरी थांबले!" आम्हालाही तेच वाटलं. मग मे महिन्यात महाराष्ट्रातून मजूर निघाले. सेंधव्यावरून पायी, ट्रकमध्ये, मिळेल तसे. त्यातले 8 जण गुनाजवळ ट्रक आणि बसच्या धडकेत गेले.

सरकारी आकडे पाहा. 2019 मध्ये देशात 4,49,002 अपघात आणि 1,51,113 मृत्यू. 2020 मध्ये 3,66,138 अपघात आणि 1,31,714 मृत्यू. अपघात कमी झाले खरे, पण शंभर अपघातांमागे मृत्यू 34 वरून 36 वर गेले. गर्दी हाच आपला ब्रेक होता. ती हटली आणि वेग वाढला.

त्या वर्षीही रोज सरासरी 360 माणसं रस्त्यावर गेली. रोगाचे आकडे आपण रोज टीव्हीवर ऐकत होतो, हे कुणी ऐकले? मास्क नसला तर शेजारी टोकायचे. हेल्मेट नसलं तर कुणी बोलत नव्हतं.

आमच्या कामावरचा एक मुलगा रात्री वडिलांचं औषध आणायला स्कूटरवर निघाला. तोंडावर मास्क होता, डोकं उघडं. दुभाजकाच्या टोकावर आदळला. तिथला रिफ्लेक्टर तुटला होता. तो बदलायचा म्हणून आम्हीच वहीत नोंद केली होती. गाड्याच नाहीत, मग घाई कसली, म्हणून काम पुढे ढकललं. मुलगा वाचला, पण आजही पाय ओढत चालतो. आम्हाला कधी बोल लावला नाही त्याने. तो समोर आला की आमचीच मान खाली जाते.

तेव्हापासून वहीतली अशी नोंद आम्ही शिळी होऊ देत नाही.

अनंत चतुर्दशीला आपली मुलं मध्यरात्री झांक्या बघायला निघतील. परतताना रस्ते रिकामे असतील. "मास्क घेतलास का?" असं जसं दारात विचारत होतो, तसंच हेल्मेटचंही विचारा. एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!