पूर्वजांपुढील नमस्कार

चीनमध्ये घरोघरी पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी असे. तिजपुढे उदबत्ती लावून मुले मस्तक नमवीत. हे पूजन की केवळ कृतज्ञता? चिनी पंडिताचा वेष धारण करून १६०१ साली पेकिंगला स्थायिक झालेल्या मात्तेओ रिच्ची या जेझुइट धर्मोपदेशकाने ती कृतज्ञताच मानली. पुढे १७०० साली खांग्शी बादशहानेही तसाच निर्वाळा दिला. तथापि १७०४ साली रोमने हा विधी ख्रिस्ती जनांस निषिद्ध ठरविला, व १७१५ साली ती बंदी अधिकच कडक केली. १७२१ साली बादशहाने उलट धर्मप्रचारासच मनाई केली. पितरांस अंतरावे की धर्मास, हा पेच मात्र श्रद्धाळू चिनी कुटुंबांच्या वाट्यास आला. १९३९ साली रोमने बंदी बव्हंशी उठविली. नमस्काराचा अर्थ नमस्कार करणाऱ्यासच विचारावा, एवढे उमगण्यास २३५ वर्षे लागली!