पोचा आणि जॅक

'पोचा' हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला. पातेलं हातातून निसटलं की त्याला पोचा यायचा, आणि दारावर येणारा कल्हईवाला तो ठोकून काढायचा. तांबटाकडे त्याच्याही पुढचा शब्द आहे, मठारणे. हलक्या हाताने, सारखे ठोके देत पत्रा नितळ करत न्यायचा. जीपचा पत्रा ठोकताना मला हेच दोन शब्द उपयोगी पडतात.

कविता लिहिणाऱ्याने जीपवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण माझं बालपण अंबरनाथचं. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या त्या गावात शेजारीपाजारी लेथवर नाहीतर ड्रिलवर हात बसलेला माणूस असायचाच. पलीकडचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले, १९४९ साली गावाला नाव मिळालं, आणि आजही तिथला पत्ता कॅम्पच्या नंबराने सांगतात. आपल्याकडे जीप जोडणाऱ्या कंपनीचीही गंमत अशीच. १९४५ साली ती 'महिंद्र अँड मोहम्मद' होती. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये पाटीवर दोनदा महिंद्र आलं. असो.

जुन्या जीपचं सुख असं, की तिचे पत्रे बरेचसे सपाट आणि मागून हात पोचेल असे असतात. त्यामुळे मडगार्डचा छोटा पोचा घरी निघतो. आधी मागचा चिखल खरवडून काढा. तिथून वायर किंवा डिझेलची नळी जात नाही ना, ते बघा. मग बाहेरून तळहात फिरवा. मी ज्यांच्याकडे हे शिकलो ते कॅम्प तीनमधले उस्ताद डोळे मिटायला लावायचे. "भाई, आँख रंग देखती है, हाथ पत्रा देखता है," असं म्हणायचे. हात फिरवला की कळतं, पोचा म्हणजे नुसता खड्डा नव्हे. त्याच्या कडेने एक उंचवटा उठलेला असतो, आणि त्यानेच खड्डा अडवून धरलेला असतो.

नवशिका थेट खड्ड्याच्या तळावर मागून दणका घालतो. तिथेच काम बिघडतं. खड्ड्याच्या मागे लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, त्याला गॅरेजात डॉली म्हणतात, आणि बाहेरून हातोडी मारायची ती कडेच्या उंचवट्यावर. उंचवटा बसतो तसा खड्डा आपसूक वर येतो. सगळ्यात शेवटी जे दबलं, ते सगळ्यात आधी सोडवायचं. ठोके पुष्कळ आणि हलके. जोराचा ठोका पत्रा ताणतो, ताणलेल्या पत्र्याला जागा पुरत नाही, आणि मग तो तेलाच्या डब्याच्या तळासारखा दाबला की टक्, सोडला की टक् बोलत राहतो. तो पुन्हा आवळायला गॅस आणि ओला फडका लागतो. ते काम उस्तादांचं.

गरम पाणी ओतून पोचा काढायची युक्ती सगळीकडे सांगतात. ती प्लास्टिकच्या बंपरला लागू पडते. पोलादी पत्र्याला उकळतं पाणी म्हणजे नुसती आंघोळ.

उघडा पडलेला पत्रा आमच्या पावसाळी हवेत रात्रभर ठेवू नये. त्याच दिवशी पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा हात द्यावा. पुट्टी पातळच हवी. गंजावर जाड पुट्टी भरली, तर एका पावसाळ्यात तिचा पापुद्रा हातात येतो. आणि चासी, रोलबार, चाकाजवळचे जोड वाकले असतील तर हातोडी खाली ठेवावी. त्यांवर माणसांचा जीव असतो.

जीव म्हटलं की मला पोच्यापेक्षा जॅकची जास्त काळजी वाटते. बदलापुरातला शेजारचा मुलगा परवा जीप घेऊन आला. विचारलं, जॅक कुठे ठेवलास? "काका, मागे टाकलाय की!" टाकलाय, म्हणजे मोकळा. गाडी ताशी ६० किलोमीटरवर असताना आदळली तर गाडी थांबते, जॅक थांबत नाही. तो ६०च्याच वेगाने पुढे येतो. चौदा मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून, लोखंड डोक्यावर पडावं, तेवढा तो वेग. शिवाय मोकळा जॅक आतून पत्र्यावर आपटून स्वतःच पोचे पाडतो, ते वेगळंच.

जॅक बॉडीला बोल्टने बसवलेल्या पट्टीत किंवा कडीला घट्ट आवळलेल्या पट्ट्यात हवा. तेलाचा बाटली-जॅक दट्ट्या पूर्ण खाली करून उभाच ठेवावा. आडवा पडला की तेल झिरपतं, हवा शिरते, आणि ऐनवेळी उचलत नाही. स्क्रूचा जॅक कसाही राहतो, पण त्याला ग्रीस लागतं. तो उंच फार्म जॅक हौशी लोक बंपरवर मिरवतात. तिथे चिखल बसून त्याच्या खिट्ट्या अडकतात. त्याला कव्हर घालावं, आणि वापरताना दांड्याच्या रेषेत तोंड आणू नये. सुटलेला दांडा जबडा फोडतो.

जागा ठरवताना गाडी घराच्या दारात उभी आहे असं धरू नका. बारवी धरणाच्या वाटेवर, संध्याकाळी, एका बाजूने चिखलात कललेली आहे असं धरा. मागचं दार तेव्हा उघडेल? सामानाखालून जॅक निघेल? उल्हास नदीने २६ जुलै २००५ला आमच्याकडे काय केलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजाराच्या वर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा मुलखात गाडीच्या तळातल्या कप्प्यात ठेवलेला जॅक पाण्यात बुडतो आणि गंजतो. पाऊस उघडला की तो काढून पुसावा.

चिखलात जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. म्हणून फूटभर चौरस, दीड इंच जाडीची लाकडी फळी त्याच्याच पट्ट्यात बांधावी. समोरच्या चाकाला दगड लावावा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कितीही घाईत असलं, शिरायचं नाही.

त्या मुलाने दोन दिवसांनी पट्टी बसवून घेतली, दाखवायलाही आणली. जॅक उभा, पट्टा आवळलेला. फळी तेवढी अजून आणायची होती.