पाऱ्याचा थेंब आणि शिशाचा माग

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या माझ्या विषयाचे नाव 'व्होल्टॅमेट्री' असे आहे. नाव ऐकून मागच्या रांगेतील पालकांनी उठून जाऊ नये, कारण विषय त्यांच्याच घरातला आहे. लहान मुलांच्या डोळ्यांत घालतात त्या सुरम्यापर्यंत मला यावयाचे आहे. मात्र तेथे पोचण्यासाठी थोडा वेळ प्रयोगशाळेतून चालावे लागेल.

इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण व मिळवणे म्हणजे क्षपण, ही दोन वाक्ये आपले विद्यार्थी पाठ करतात आणि त्यांना गुणही मिळतात. पण कोणता पदार्थ इलेक्ट्रॉन सहज देतो-घेतो आणि कोणता अडून बसतो, हा खरा प्रश्न आहे, आणि तो वर्गात फारसा कोणी विचारत नाही.

समजा, बंदरावर एक व्यापारी उभा आहे आणि हळूहळू भाव चढवीत आहे. एका भावाला बांगडेवाले माल देऊ लागतात. भाव आणखी चढला की सुरमईवाले तयार होतात, त्याहून वर गेला की पापलेटवाले. आपण डोळे मिटून उभे असलो, तरी कोणत्या भावाला सौदा झाला यावरून मासळी कोणती ते कळेल, आणि किती पाट्या उचलल्या यावरून ती किती होती तेही कळेल. व्होल्टॅमेट्रीत नेमके हेच होते. द्रावणात एक इलेक्ट्रोड बुडवून त्यावरचा विजेचा दाब सावकाश बदलत नेतात आणि प्रत्येक दाबाला किती प्रवाह वाहतो ते नोंदवतात. प्रवाह कोणत्या व्होल्टला वाढला यावरून पदार्थ ओळखता येतो. किती वाढला यावरून त्याचे प्रमाण कळते. भाव मोजावयाचा तर स्थिर माप हवे, म्हणून ज्याचा दाब बदलत नाही असा दुसरा एक इलेक्ट्रोड तुलनेसाठी ठेवतात.

ही पद्धत प्राग शहरात जन्मली. तेथील यारोस्लाव्ह हेरोव्हस्की १९१८ साली डॉक्टरेटच्या परीक्षेला बसले, तेव्हा परीक्षक बोहुमिल कुचेरा यांनी त्यांना पाऱ्याच्या पृष्ठताणाविषयी प्रश्न विचारले. काचेच्या केसासारख्या बारीक नळीतून पाऱ्याचे थेंब पाडून कुचेरांनी जी मापने केली होती, त्यांत काही विसंगती होत्या. त्यांचा उलगडा होत नव्हता. हेरोव्हस्की त्या कामाला लागले. थेंब गोळा करून वजन करीत बसणे हे मोठ्या चिकाटीचे काम. पुढे त्यांनी वजनाऐवजी थेंबांतून वाहणारा प्रवाहच मोजावयास घेतला आणि १० फेब्रुवारी १९२२ रोजी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्यांना पहिला आलेख मिळाला. हा शोध त्याच वर्षी त्यांनी प्रथम आपल्या मातृभाषेत, चेक भाषेतील रसायनशास्त्राच्या मासिकात छापला. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पाऱ्याचाच थेंब का? कारण दर काही सेकंदांनी जुना थेंब गळून नवा येतो. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी कोरा करकरीत मिळतो, आधीच्या क्रियेची घाण त्यावर राहत नाही. एकेक बिंदू हाताने मोजून आलेख काढणे मात्र कंटाळवाणे होते. जपानहून आलेले मासुझो शिकाता आणि हेरोव्हस्की यांनी १९२४ साली आलेख आपोआप फोटोच्या कागदावर उमटवणारे यंत्र बनवले, त्याचे नाव पोलॅरोग्राफ. १९३४ साली इल्कोविच यांनी प्रवाह आणि द्रावणातील प्रमाण यांचे गणित मांडले. हेरोव्हस्कींना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या आलेखावर प्रत्येक धातूची पायरी आपापल्या जागी असते. नेहमीच्या कॅलोमेल इलेक्ट्रोडशी तुलना केली, तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात शिशाची पायरी उणे ०.४ व्होल्टच्या आसपास येते, कॅडमियमची उणे ०.६ आणि जस्ताची उणे १ च्या आसपास. तिघे एकाच भांड्यात असले तरी वेगवेगळे ओळखता येतात. हवेतला प्राणवायू मात्र पाण्यात विरघळून मध्येच आपल्या दोन पायऱ्या उठवतो, म्हणून आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून त्याला हाकलावे लागते. नवशिक्या विद्यार्थी हेच विसरतो आणि मग यंत्राला दोष देतो!

पुढे दाब एका दिशेने नेऊन लगेच परत आणण्याची युक्ती निघाली. तिला चक्रीय व्होल्टॅमेट्री म्हणतात. पोटॅशियम फेरोसायनाइड घेतले, तर जाताना ऑक्सिडीकरणाचे शिखर दिसते आणि परतताना क्षपणाचे. गेलेला इलेक्ट्रॉन परत येतो. लिंबाच्या रसातल्या क जीवनसत्त्वाचे जातानाचे शिखर दिसते, परतताना काहीच दिसत नाही. इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावर त्याचे रेणू पाण्याशी संयोग पावून लगेच बदललेले असतात. परतीच्या वाटेवरचा हा अभावच रसायनशास्त्रज्ञाला बरेच काही सांगतो.

आता सुरम्याकडे. सुरमा हे नाव मूळचे अँटिमनीच्या खनिजाचे. परंतु बाजारात सुरमा म्हणून जी काळी चकचकीत पूड मिळते, ती पुष्कळदा शिशाचे सल्फाइड, म्हणजे गॅलेना असते, असे अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते, आणि जठरातील आम्लात शिसे विरघळते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात ते चार-पाच पटींनी अधिक शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि हे शिसे ना चवीला कळते, ना डोळ्यांना.

येथे व्होल्टॅमेट्रीचा 'स्ट्रिपिंग' हा प्रकार उपयोगी पडतो. सुरमा नायट्रिक आम्लात विरघळवून पातळ करतात. इलेक्ट्रोड काही मिनिटे उणे १ व्होल्टच्या आसपास धरून ठेवला की शिशाचे क्षपण होऊन ते त्यावर साचत जाते. मग दाब उलट दिशेला नेला की साचलेल्या शिशाचे एकदम ऑक्सिडीकरण होते आणि टोकदार शिखर उमटते. थेंबे थेंबे तळे साचवून मग ते एकदम मोजावे, तसे हे आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १० मायक्रोग्रॅम ही शिशाची मर्यादा आहे. ही पद्धत त्याहून कमी शिसेही पकडते. याच तत्त्वावर बोटातील एक-दोन थेंब रक्त तपासणारी लहान यंत्रे निघाली. त्यात आकडा जास्त आला, तर शिरेतील रक्त घेऊन खात्री करावी लागते.

पारा स्वतः विषारी आहे, हे खरेच. २०१३ च्या मिनामाता करारानंतर त्याचा वापर आणखी कमी करण्याकडे कल आहे. २००० सालापासून बिस्मथचा पातळ थर पाऱ्याच्या जागी वापरता येऊ लागला आहे.

माता-भगिनींना एवढेच सांगतो: डबीवर 'शिसेविरहित' असे छापलेले असले, तरी छापणे म्हणजे तपासणे नव्हे. तपासणीचा दाखला नसेल, तर तो सुरमा मुलांच्या डोळ्यांत घालू नये. वर्षानुवर्षे घातला असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून मुलाच्या रक्तातील शिसे मोजून घ्यावे. तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते, आणि ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर शिसे कोठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे.