सिलिगुडीतून वर जाताना

दार्जिलिंग किंवा सिक्कीमला निघालात की वाटेत बहुधा सिलिगुडी लागतंच. तिथल्या न्यू जलपाईगुडी स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच शेअर जीपवाले गराडा घालतात. गांगरू नका, आधी भाडं विचारा. सगळ्या जागा भरल्या की जीप सुटते, म्हणून सकाळीच पोहोचलेलं बरं. सामान टपावर दोरीने आवळून बांधतात, वर ताडपत्री. घाटात पाऊस कधीही गाठतो. स्वेटर मात्र हाताशीच ठेवा.

हाताशी पूर्ण दिवस असेल, तर १८८१ पासून धावणारी दार्जिलिंगची छोटी रेल्वेच घ्या. तिच्या रुळांमधलं अंतर जेमतेम २ फूट, तरी ती २,२५८ मीटरवरच्या घूम स्टेशनापर्यंत चढते. बाजारातल्या दुकानांना खेटून जाणारी ती गाडी मला फार प्रिय आहे.