शाळेचा डबा : आहारशुद्धी आणि आरोग्य



आहारशुद्धी हा जैन जीवनपद्धतीचा पाया होय. पदार्थ भक्ष्य की अभक्ष्य, तो केव्हा सिद्ध झाला आणि किती काळ खाण्यायोग्य राहतो, याचा सूक्ष्म विचार पूर्वाचार्यांनी करून ठेवला आहे. हा विचार घराघरांतील स्वयंपाकघरात आजही जिवंत आहे. परंतु सकाळच्या घाईत भरला जाणारा मुलांच्या शाळेचा डबा मात्र त्यातून निसटू लागला आहे. ज्या घरात बटाटा उंबरठा ओलांडत नाही, त्याच घरातील नातवाच्या दप्तरात बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट सापडते. ज्या घरात कांदा-लसूण वर्ज्य, तेथील मूल मसाल्याच्या चटकन होणाऱ्या नूडल्स आवडीने खाते. त्या मसाल्यात बहुधा कांदा-लसणाचीच पूड असते. आजीने निगुतीने दिलेला खाकरा मात्र संध्याकाळी जसाच्या तसा परत येतो. हा दोष एकट्या मुलाचा नाही, एकट्या मातेचाही नाही. बदलत्या काळात डब्याकडे झालेल्या दुर्लक्षाचा तो परिणाम आहे.

डब्याचे महत्त्व समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन जगभर मान्यता पावले आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा दोघांचाही 22.3. परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची 21.2 टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी लपलेली असू शकते, हे यातून सर्वांसमोर आले. ‘मूल बारीकच आहे, खाऊ दे गोड-तळलेले’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे छायाचित्र अवश्य लक्षात ठेवावे.

डॉ. याज्ञिक यांच्याच पथकाने 1993 पासून पुणे परिसरातील सहा गावांमधील माता आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये गर्भारपणी ब-12 जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहारी समाजासाठी ही बाब विशेष चिंतनीय आहे. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत वा भाजीपाल्यात मिळत नाही. शाकाहाऱ्यास ते दूध, दही, ताक व पनीर यांतूनच मिळते. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो आणि मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. अहिंसेचे व्रत सोडण्याचा प्रश्नच नाही. व्रत डोळसपणे पाळण्याचा प्रश्न आहे. मुलास दिवसातून दोन वेळा दूध वा दही मिळते की नाही, हे घरातील कोणीतरी आवर्जून पाहिले पाहिजे. दही डब्यात तासन्‌तास राहिल्यास आंबते, म्हणून ते घरी परतल्यावर द्यावे. डब्यात ताजे पनीर घातलेला पराठा द्यावा. शंका वाटल्यास रक्ततपासणी करून वैद्यकीय सल्ला घेण्यात संकोच नसावा.

आता हिशेबाची भाषा. सरकारी शाळांतील मध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलास एका जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. घरच्या डब्यासाठीही हे माप उपयुक्त ठरते. वेफर्सच्या 30 ग्रॅमच्या पाकिटात प्रथिने जेमतेम 2 ग्रॅम; तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत सुमारे 7 ग्रॅम. पन्नास ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांत सुमारे 12 ग्रॅम प्रथिने, म्हणजे ठरलेले माप पूर्ण! शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्या दुधात ते साधारण 120 मिलिग्रॅम. पाकिटाच्या खर्चात घरी याहून कितीतरी सकस खाऊ होतो. जमा-खर्चाचा हा मेळ प्रत्येक कुटुंबाने एकदा घालून पाहावा.

शासनानेही या विषयाची दखल घेतली आहे. महाराष्ट्र शासनाने मे 2017 मध्ये शालेय उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेये आदी पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. 2020 च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून 50 मीटरच्या परिसरात अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध पदार्थांची विक्री निषिद्ध ठरली. परंतु घरूनच जे पाकीट दप्तरात जाते, त्यास कोणता नियम अडविणार? तेथे संस्कारच कामी येतात.

धर्माचे नियम पाळून डबा रुचकर होत नाही, ही समजूत निराधार आहे. सोमवारी मूगडाळीची धिरडी, मंगळवारी दुधीचे ठेपले, बुधवारी इडली, गुरुवारी कच्च्या केळ्याची भाजी व पोळी, शुक्रवारी पनीर-पराठा आणि शनिवारी वाटाणे-टोमॅटो घातलेला रव्याचा उपमा, असा क्रम सहज बसतो. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असल्यास डाळ-ढोकळी वा खाकरा आहेच. गोडासाठी नाचणीचे वा राजगिऱ्याचे लाडू, तीळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. मध वर्ज्य असल्याने गूळ वापरावा, तोही बेताने. डाळीच्या पदार्थावर लिंबू पिळल्यास त्यातील लोह शरीरास अधिक मिळते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांनी डाळीच्या पदार्थासोबत कच्चे दही देऊ नये. पदार्थ गरम असतानाच झाकण लावू नये. वाफ कोंडून तो लवकर बिघडतो, आणि चलितरस अन्न शास्त्रानेही त्याज्यच मानले आहे.

काही घरांतील मुले नवकारशीचे पच्चक्खाण पाळतात. सूर्योदयानंतर 48 मिनिटे होण्यापूर्वीच शाळेची गाडी दारात येते, तेव्हा मधल्या सुट्टीतील डबा हेच त्या मुलाचे दिवसाचे पहिले अन्न असते. असा डबा अर्धा परत आला, तर मूल दुपारपर्यंत उपाशीच राहते. म्हणून परत आलेल्या डब्याबद्दल रागावू नये, कारण विचारावे. पोळी कडक झाली का, खाण्यास वेळ पुरला नाही का, की मित्र हसले? बहुतेक वेळा उत्तर यांतच असते. डबा ठरविताना मुलाचे मत घ्यावे, सुट्टीच्या दिवशी त्याला मंडईत न्यावे, लाडू वळताना हाताशी घ्यावे. जे स्वतःच्या हाताने वळले, ते मूल सहसा परत आणत नाही. आणि हे काम केवळ मातेचे नसून वडील व आजोबांचेही आहे.

मंदिरे उभारणे, धर्मशाळा बांधणे ही समाजाची मोठी कार्ये आहेत. परंतु त्या मंदिरांत उद्या जी पिढी पूजेस उभी राहणार, तिचे आरोग्य आज एका छोट्या डब्यात भरले जात आहे. तो डबा शुद्ध असावा, सकस असावा आणि संध्याकाळी रिकामा होऊन परत यावा, हीच प्रार्थना. जय जिनेंद्र!