भिंतींनी एकमेकींना धरायला हवं

आमच्या पिंगुळीत जुनं घर म्हटलं की जांभ्याचा चिरा आलाच. गोव्यातली जुनी चर्चंही याच जांभ्याची. भूकंपात त्यांचं काय होईल, हा प्रश्न दूरचा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा कोकणही हादरलं होतं.

चिऱ्याची भिंत वरचा भार वर्षानुवर्षं पेलते. भूकंप मात्र आडवा हिसका देतो आणि चिरा-चुन्याला ताण सोसत नाही. त्यात चर्च म्हणजे मधे आडभिंत नसलेलं एकच उंच दालन. हिसका बसला की दर्शनी भिंत बाजूच्या भिंतींपासून सुटून बाहेर कलंडते, कमान फाकते, मनोरा वेगळाच डुलतो. इटलीत फ्रिउली भागातल्या १९७६ च्या भूकंपानंतर अभियंत्यांनी चर्चं तपासली, तेव्हा हेच दिसलं. इमारत एकदम पडत नाही, भागाभागानं सुटते. १९९७ मध्ये असिसीला संत फ्रान्सिसच्या चर्चचं कमानदार छत कोसळून चौघे दगावले. त्या छतावर साठलेल्या राड्यारोड्याचं ओझंही त्याला कारण झालं.

आता जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा पाहा. १६०२ मध्ये बांधलेलं हे चर्च १८३५ मध्ये ओस पडलं. १८४२ मध्ये छत गेलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. त्यासाठी भूकंप लागला नाही. पाऊस आणि दुर्लक्ष पुरेसं झालं. अशी भिजून सैल झालेली भिंत हिसक्याला काय टिकणार?

म्हणून भूकंपाची तयारी साध्या देखभालीपासून सुरू होते. पन्हळी साफ ठेवाव्यात, भिंतीतलं पिंपळाचं रोप वेळीच काढावं, चुन्याचा गिलावा शाबूत राखावा. जाणकार अभियंत्याच्या सल्ल्यानं समोरासमोरच्या भिंती पोलादी सळ्यांनी बांधून घ्याव्यात. आणि कौलं काढून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकण्यापूर्वी १९९३ चं किल्लारी आठवावं. तिथे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदंच माणसांच्या अंगावर आली.

जुन्या गोव्यातली मोठी चर्चं पुरातत्त्व खातं सांभाळतं. गावोगावची लहान चर्चं, देवळं आणि घरं आपल्यालाच सांभाळायची आहेत. पावसाआधी आपण घर शाकारतो. त्याच वेळी गवंड्याला घेऊन कोपऱ्यांवरून एक नजर टाकावी. दोन भिंती जिथे मिळतात, तिथे उभी भेग दिसली, तर ती नुसती लिंपून झाकू नये.