घरच्या घरी लोहारकाम : खुरपे, विळा आणि कोयता
(बेटेगाव, ता. पालघर येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या शिकवणारा माणूस बियाणे, खते आणि लागवडीची अंतरे सांगायची सोडून भाता-ऐरण कशाला काढून बसला, असे काहींना वाटले असेल. पण कापणीच्या दिवसांत बोथट विळ्याने काय होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहता. मूठ कापली जात नाही, ओढली जाते. पिकलेल्या लोंबीला हिसका बसतो आणि दाणे खाचरातच गळतात. चिकूची किंवा आंब्याची फांदी बोथट कोयत्याने तोडली की साल खालपर्यंत सोलून निघते, जखम लवकर भरत नाही आणि तिथूनच रोग आत शिरतो. माणूस दिवसभर राबतो, पण त्याची निम्मी ताकद हत्याराशी भांडण्यात जाते. आपल्या दापोलीच्या विद्यापीठाने दातेरी ‘वैभव विळा’ काढला तो याच त्रासावर उपाय म्हणून. तेव्हा हत्यार हाही शेतीशास्त्राचाच विषय आहे.

पूर्वी ही काळजी शेतकऱ्याला नव्हती. लोहार बलुतेदार होता. खळ्यावर भात घ्यायचा आणि वर्षभर गावाची कुऱ्हाड, कुदळ, फाळ शेवटून द्यायचा. घिसाडी मंडळीही बिऱ्हाडासह येत, रस्त्याकडेला पाल टाकत. नवरा सांडशी धरी आणि बायको घण घाली. तो घण पाहिलेला माणूस बाईमाणसाच्या ताकदीबद्दल पुन्हा बोलत नाही. आपल्या भागात १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. हाताला कसब असलेल्या पोराला कारखान्यात महिन्याचा पगार मिळू लागला तर त्याने भात्यापुढे का बसावे? त्याला दोष देता येत नाही. पण बाजारातला चकचकीत कोयता पहिल्याच बांबूवर वाकतो, ही तक्रार मात्र गावोगाव ऐकू येते.

तो वाकतो याचे कारण कर्ब. जमिनीतला सेंद्रिय कर्ब आपण मोजतो, तसाच पोलादातला कर्बही पाहावा लागतो. ग्रिलच्या साध्या पट्टीत तो साधारण ०.१५ ते ०.२५ टक्के असतो. अशा लोखंडाला कितीही पाणी द्या, धार टिकेल इतके ते कडक होत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात कर्ब सुमारे अर्धा ते पाऊण टक्का, तर चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या वर असतो. कानस कडक खरी, पण ठिसूळ. शेतीच्या हत्याराला कडकपणा हवा आणि चिवटपणाही हवा, म्हणून नवशिक्याने कमानपाटाच घ्यावा. भंगारवाल्याकडे तो सहज मिळतो. मात्र जुन्या पाट्यात केसासारख्या चिरा असतात आणि त्या पाणी देताना उघडतात. यासाठी पाटा घासून साफ करावा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवावा, कोरडा पुसावा आणि वर खडूची भुकटी पसरावी. चीर असेल तर आतले रॉकेल वर येऊन भुकटीवर ओली रेघ उमटते. असा तुकडा बाजूला टाकावा.

पाटा पोलादाचाच आहे ना, हे दोन प्रकारे कळते. ग्राइंडरवर धरला असता साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाट्यांच्या निघतात. पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. किंवा एक लहान तुकडा लाल करून पाण्यात बुडवावा, कापडात गुंडाळून हातोडा मारावा. काचेसारखा तुटला तर माल कामाचा, नुसता वाकला तर खिडकीच्या ग्रिलला द्यावा. रेल्वेच्या रुळाचा तुकडा उत्तम पोलाद असतो हे खरे, पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपले गाव रेल्वेला लागून आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

भंगाराचा विषय निघालाच आहे, तर आजच्या भाषणातले सर्वांत महत्त्वाचे इथेच सांगून घेतो. आपल्याकडे कारखान्यांमुळे भंगाराची ददात नाही, आणि धोकाही त्यातच आहे. रिकामे पिंप दिसले की भट्टीला किंवा तेलाला चांगले, असे वाटते. ज्या पिंपात द्रावक किंवा रसायन होते ते कितीही धुतले तरी आत वाफ उरते. बंद पिंपाला ग्राइंडर किंवा गॅस लावला की ते बॉम्बसारखे फुटते. असे पिंप घरी आणूच नये, त्यात पाणी साठवणे तर लांबच. दुसरा धोका जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा आणि नळाचा. सुमारे ९०७ अंश सें. तापमानाला जस्त उकळते आणि पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की चार-सहा तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. आपल्या भागात माणूस तो हिवताप समजून गोळ्या घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाइप तापवतो. दवाखान्यात गेलात तर काय तापवले होते ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. चकचकीत क्रोम चढवलेली वस्तूही आगीत घालू नये.

आता जागा. दहा बाय बारा फुटांची, तिन्ही बाजूंनी मोकळी आणि वर पत्रा असलेली पडवी पुरते. गवताच्या उडव्यापासून आणि गोठ्यापासून ती लांब हवी, वाऱ्याची दिशा पाहून ठरवावी. जमीन मातीची असावी. सिमेंटच्या कोब्यावर लाल लोखंड पडले तर आतल्या ओलीची वाफ होऊन कपचे उडतात. ऊन सरळ आत येऊ देऊ नये. लोहाराची पडवी अंधारी का असते, असे पुष्कळजण विचारतात. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग ओळखता येत नाही, आणि लोहाराचा थर्मामीटर म्हणजे तो रंगच.

भट्टी साधी करावी. वारुळाची माती, वाळू आणि भाताच्या तुसाची राख कालवून ओटा घालावा. त्यात सहा ते आठ इंच रुंद व चार इंच खोल खळगा ठेवावा. बाजूने एक इंची काळा लोखंडी नळ आणावा, मुलामा दिलेला नको. हवेसाठी हाताने फिरवायचा ब्लोअर भात्यापेक्षा सोयीचा. विजेचा लावलात तर हवा कमी-जास्त करण्याची सोय हवी, नाहीतर कोळसा उडतो आणि पोलाद जळते. ओटा आठवडाभर सावलीत वाळू द्यावा, मग हलकी आग करून भाजावा. घाई केली तर तडे जातात.

जळणाला करवंट्यांचा कोळसा आपल्या किनाऱ्यावर सहज करता येतो. तो स्वच्छ जळतो. दगडी कोळशात गंधक असतो, शिवाय शेजारी धुराने वैतागतात. कोळशासाठी रानातली झाडे तोडू नका. राबासाठी फांद्या तोडण्याबद्दलही माझे मत वेगळे आहे, पण तो आजचा विषय नाही.

ऐरणीवर पैसा घालवण्याची गरज नाही. वीस-पंचवीस किलोचा भरीव, सपाट पोलादी ठोकळा चालतो. तो चिंचेच्या किंवा बाभळीच्या ओंडक्यावर खिळवावा आणि ओंडका दीड-दोन फूट जमिनीत गाडावा. सरळ उभे राहून मूठ आवळली असता बोटांची पेरे ऐरणीला टेकावीत, एवढी उंची ठेवावी. उंची चुकली की महिनाभरात कंबर धरते. हातोडा एक किलोच्या आतलाच घ्यावा व त्याच्या तोंडाच्या कडा कानशीने गोल कराव्यात, म्हणजे पाट्यावर खाचा पडत नाहीत. दोन लांब सांडश्या, एक छिन्नी, एक जाड आणि एक बारीक कानस, घट्ट बसवलेला वाईस आणि जुन्या रेडिओच्या कर्ण्यातले लोहचुंबक. यापेक्षा जास्त सामान पहिल्या वर्षी लागत नाही. चुंबक कशाला ते पुढे येईलच.

अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. पायात बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा. ग्राइंडरचे झाकण काढून काम करणारे लोक मी पाहतो तेव्हा मला कोळशाच्या आगीपेक्षा त्याचीच भीती वाटते. जवळ पाण्याची बादली व वाळू ठेवावी. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. लहान मुलांना पडवीत बंदी. काळे पडलेले लोखंडही चारशे अंशांवर असू शकते आणि पोर तेच आधी उचलते.

पहिले हत्यार खुरपे करावे. कोयत्याने सुरुवात करू नका; तो लांब व जड, सगळीकडे सारखा तापत नाही. पाटा भडक केशरी तापवावा, ठोकावा आणि मंद लाल झाला की थांबून पुन्हा आगीत घालावा. गार लोखंडावर केलेली जबरदस्ती नंतर चीर होऊन बाहेर पडते. आगीतून फुलबाज्या उडू लागल्या तर पोलाद जळले. तेवढा भाग छाटूनच टाकावा लागतो. धारेची कड दीड ते दोन मि.मी. जाड ठेवावी. आधीच पातळ केली तर पाणी देताना ती मुरडते. दातेरी विळा करायचा असेल तर दात मात्र पाणी देण्याआधीच पाडावेत.

घडवून झाले की तीन वेळा लाल करून हवेतच निवू द्यावे. पुष्कळजण ही पायरी गाळतात. ठोकाठोकीने पोलादात आलेला ताण यातच निघतो. मग येते पाणी देणे. इथे चुंबक लागते. साधारण ७७० अंश सें. ला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. चुंबक तारेला बांधून मधूनमधून लावून पाहावे. चिकटणे थांबले की रंग आणखी एक छटा वर जाऊ द्यावा आणि लगेच हत्यार तेलात बुडवावे. जुना लोहार फक्त धार क्षणभर पाण्यात धरतो आणि पाठीकडची उष्णता धारेकडे परत येऊ देतो. ते बघायला सोपे आणि करायला वर्षे घेणारे कसब आहे. नवशिक्याने कमानपाटा पाण्यात बुडवला तर बहुधा ‘टण्’ असा आवाज येतो, आणि तो आवाज आला की सगळी मेहनत गेली. म्हणून शेंगदाण्याचे किंवा मोहरीचे पाच लिटर तेल उभ्या लोखंडी डब्यात घ्यावे, बोट जेमतेम सोसेल इतके कोमट करावे. डब्याला झाकण हवेच, कारण तेल पेट घेते. प्लॅस्टिकची बादली नको आणि इंजिनचे जळके तेलही नको, त्याचा धूर विषारी असतो. हत्यार पूर्ण बुडवावे, पुढे-मागे हलवावे, आडवे हलवू नये.

आता कानस फिरवली तर ती घसरली पाहिजे. पण असे हत्यार काचेसारखे ठिसूळ असते, दगडावर पडले तर तुटेल. त्याच तासात त्याचा ताठा उतरवावा, उद्यावर ठेवू नये. एक बाजू विटेने घासून चकचकीत करावी आणि तापलेल्या जाड पत्र्यावर पाठीकडून ठेवावी. चकाकीवर रंग सरकू लागतात : आधी फिकट पिवळा, मग २५५ अंशांच्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. विळ्याची धार तपकिरीवर थांबवावी. खुरप्याला मातीतले दगड लागतात, ते जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावे. कोयत्याची धार जांभळी आणि पाठ निळी हवी. रंग आला की ताबडतोब पाण्यात घालून थांबवावा. पुढे ग्राइंडरवर धार लावताना कड निळी पडली तर दिलेले पाणी उतरले असे समजा. म्हणून शेवटची धार कानस आणि सहाणेवर, हातानेच लावावी.

कायद्याचे विचारले जाईल म्हणून थोडक्यात सांगतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र नियमांखाली येतात; घरगुती व शेतीकामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. विळा, कोयता, कुऱ्हाड करा. एखाद्या पोराने हौसेने तलवार किंवा खंजीर मागितला तर सरळ नाही म्हणा. आणि जवळपास लोहार असेल तर त्याच्याकडे चार दिवस घण मारायला जा. त्याचा रोजगार तोडण्यासाठी ही पडवी घालायची नाही. मोठी कामे त्याच्याकडेच गेली पाहिजेत. पिढीजात लोहारकाम करणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्या लोहाराला हे ठाऊक नसेल तर सांगा.

भट्टी घालायची असेल तर शिमग्यानंतर घाला, पावसाच्या आधी ओटा पक्का वाळतो आणि खुरपी आवणीच्या आधी हातात येतात. चिंचणी-तारापूरकडच्या खाऱ्या हवेत पाते महिन्याभरात गंजते. काम झाले की ते कोरडे पुसून करंजेल किंवा खोबरेल लावावे, आणि कोयता ओल्या आकडीत रात्रभर अडकवून ठेवू नये.

कोणी आपले विळे-कोयते बरोबर आणले असतील तर पुढे द्या, कानस आणली आहे. पाणी कोणात आहे आणि कोणात नाही, ते आत्ताच बघून घेऊ.